चऱ्होलीची शेतं आणि नवा कॉम्प्युटर

ज्यांच्या घरी दुसऱ्या सिस्टिमचा कॉम्प्युटर असतो, ती माणसं लगेच ओळखू येतात. तुम्ही कुठल्याही अडचणीबद्दल बोला, ते मंद हसतात आणि म्हणतात, "आमच्यात हा प्रॉब्लेमच येत नाही." नवा पंथ घेतलेल्या माणसासारखं बोलणं. सकाळी आमच्याबरोबर फिरायला येणारे एक निवृत्त साहेब याच पंथातले. स्वतःच्या बुटाची नाडी त्यांना वाकून बांधता येत नाही, पण कॉम्प्युटर कोणता घ्यावा यावर ते आळंदी रस्त्यापासून नदीच्या पुलापर्यंत न थांबता बोलू शकतात. त्यांच्या एकाही शब्दावर माझा विश्वास नव्हता. आणि तरी दोन महिन्यांनी मी तोच कॉम्प्युटर घेऊन आलो, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

मी पंचवीस वर्षं क्वालिटीला होतो. आधी भोसरीत, मग कंपनी चाकणला गेली तेव्हा चाकणला. गाडीच्या स्टिअरिंगमध्ये बसणारा एक हातभर लांबीचा पार्ट आमच्याकडे बनायचा, आणि तो बनवताना इतरांनी काय चुका केल्या हे शोधायचा मला पगार मिळायचा. अशा कामानं माणसाचा स्वभाव सुधारत नाही. समोरचा बोलायला लागला की तो कुठं चुकतोय एवढंच मला ऐकू यायचं. हॉटेलात बसलो तरी टेबलाचा कोणता पाय आखूड आहे ते आधी बघायचो. माझ्या पाठीमागं लोक मला काय म्हणतात हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमान होता.

निवृत्त झाल्यावर चऱ्होलीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बसायची वेळ आली, तेव्हा लक्षात आलं की आमचं घर कुठल्याही ऑडिटला नापास होईल. कंपनीत आमच्याकडे फाइव्ह एस नावाची जपानी पद्धत होती. सोप्या भाषेत सांगायचं तर नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसा, आणि हे रोज करा. आपल्याकडच्या बायका जपान्यांच्या आधीपासून हेच करत आल्या आहेत, फक्त त्यांनी भिंतीवर बोर्ड लावले नाहीत. या पद्धतीतला माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे लाल टॅग. जी वस्तू वापरात नाही असं वाटतं तिला लाल कागद बांधायचा, त्यावर तारीख टाकायची आणि ती एका ठरलेल्या कोपऱ्यात ठेवायची. सात दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर वस्तू भंगारात. मी बाल्कनीचा एक कोपरा लाल पट्टीनं आखून घेतला. पहिल्याच महिन्यात तिथून दोन छत्र्या, एक मिक्सर आणि बायकोच्या मामांनी लग्नात दिलेलं भिंतीवरचं घड्याळ गेलं. बायको एवढंच म्हणाली, "अहो, कंपनीवाले तुम्हाला परत घेतात का ते विचारून बघा ना एकदा."

बायको टायपिस्ट. लग्नाआधी लातूरला टायपिंगच्या क्लासला जाऊन तिनं मराठीच्या परीक्षा दिल्या होत्या, तेव्हाची ती बोटं अजून तशीच होती. आमचा जुना कॉम्प्युटर नावाला घरातला होता, खरं तर तो तिचाच. त्यावर एक जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर होतं, टाइपरायटरच्याच पद्धतीनं चालणारं, आणि ते चालावं म्हणून कॉम्प्युटरच्या मागं अंगठ्याएवढं एक कुलूप खोचलेलं असे. ते काढलं की सॉफ्टवेअर बंद. सोसायटीच्या नोटिसा, लग्नाच्या मुलींचे बायोडेटा, कुणाच्या तरी निरोप समारंभाचं भाषण, सगळं ती त्यावर करायची. मी त्याला टकटक म्हणायचो. "झाली का टकटक?" हा माझा विनोद होता आणि वीस वर्षं तो मला चांगला वाटत होता.

त्या वर्षी तिच्याकडे एक मोठं काम आलं होतं. समोरच्या चार मजली घरात गावचे एक जुने आबा राहतात. वय नव्वदीकडं, दोन्ही डोळे अधू. त्यांच्या आणि त्यांच्या भावकीच्या जमिनीवरच आज आमच्यासारख्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत. आबांच्या मनात एकच होतं. गावातल्या प्रत्येक शेताला नाव होतं आणि ती सगळी नावं आता त्यांच्या एकट्याच्या डोक्यात उरली होती. ती कागदावर यावीत आणि त्याचं छोटं पुस्तक गावात वाटावं. त्यांच्या घरच्यांना यात काडीचा रस नव्हता. मलाही नव्हता. जमिनी विकून झाल्यावर त्यांच्या नावांचा पुळका येणं, हे मला म्हातारपणाचं नाटक वाटलं आणि मी ते बायकोला बोलूनही दाखवलं.

तिचं काम चालू राहिलं. रोज दुपारी आबा काठी टेकत यायचे, खुर्चीत बसायचे आणि सांगायला लागायचे, आणि ही ऐकता ऐकता टाइप करायची. आधी कागदावर लिहून मग टाइप करणं हा तिला अपमान वाटायचा. एकदा मी फोनवर रेकॉर्ड करा म्हणून सुचवलं, तर आबांनी तोंड फिरवलं. "त्या डबड्यापुढं मला बोलाया येत न्हाई. बाई हाय, बाईला सांगतो." मग चिंचमळी, गाढवलोळ, कोल्हेखडक, सातबिघा. नावाखाली ते शेत कुठं होतं, त्यात काय पिकायचं, बांधावर कशाचं झाड होतं. असं दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत चाललं होतं. यादी पूर्ण झाली की एकदमच छापायची, असं दोघांनी ठरवलं होतं.

शेवटचं नाव सांगून झालं आणि त्याच आठवड्यात बायको भावाच्या घराच्या वास्तुशांतीला लातूरला गेली. दहा दिवस. घर माझ्या एकट्याच्या ताब्यात आलं.

त्याच सुमारास जुना कॉम्प्युटर रोज एक सूचना दाखवायला लागला होता की आता या सिस्टिमला कंपनी विचारणार नाही, तुमचं तुम्ही बघा. मी चिंचवडच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथला विक्रेता टाय घालून उभा होता आणि त्याला कॉम्प्युटरमधलं बहुधा टायइतकंच कळत होतं. मी विचारलं, "मराठी चालतं का यात?" तो म्हणाला, "सर, सगळ्या लँग्वेजेस चालतात." मी विचारलं, "जुन्या फायली?" तो म्हणाला, "सर, सगळं ऑटोमॅटिक." पंचवीस वर्षं मी सप्लायरला लेखी पुराव्याशिवाय दारात उभं केलं नव्हतं, आणि या टायवाल्याच्या दोन वाक्यांवर मी खिशात हात घातला. उंटावरचे शहाणे गावोगाव असतात, पण त्यांना बोलावून घरात घेणारा मीच.

नवा कॉम्प्युटर दिसायला पातळ, चंदेरी, पाटावर बसवलेल्या नवरीसारखा. चालू केल्यावर त्यानं मला नमस्कार केला आणि मग माझ्याकडे जन्मतारीख, फोन, अंगठा आणि तीन पासवर्ड मागितले. खिडकी बंद करायची फुली आयुष्यभर उजवीकडे होती, ती यानं डावीकडे नेऊन ठेवली होती. का, ते विचारायचं नाही. प्रत्येक गोष्टीला परवानगी मागायचा आणि मी दिली तरी पुन्हा विचारायचा. मला तो दोन दिवसांत नकोसा झाला, पण आता त्याची बाजू घेणं भाग होतं. म्हणून सकाळी फिरताना मीही मंद हसून म्हणायला लागलो, "आमच्यात हा प्रॉब्लेम येत नाही."

मग मी जुन्याच्या फायली नव्यात आणल्या. रीतसर चेकलिस्ट केली. पेनड्राइव्हवर घेतल्या, मोजल्या, नव्यात टाकल्या, पुन्हा मोजल्या. आकडा जुळला. प्रत्येक फाइल उघडून नव्या पद्धतीत सेव्ह केली आणि जुनी पुसली, पेनड्राइव्हही रिकामा केला, कारण एकाच वस्तूच्या दोन प्रती ठेवायच्या नाहीत हा नियम. उघडल्यावर आत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसत होता, मधे मधे रिकामे चौकोन. मी त्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं. आणि मला वाटलं, बायकोनं काहीतरी उलटसुलट करून ठेवलेलं असणार, आली की निस्तरेल. दुसऱ्याच्या कामात चूक दिसली की माझं डोकं तिथंच थांबतं.

जुन्या कॉम्प्युटरला लाल टॅग बांधला, कोपऱ्यात ठेवला आणि पुढं नवा धरून फोटो काढून बायकोला पाठवला. खाली लिहिलं, 'सात दिवस.' तिकडून अंगठा आला. वास्तुशांतीच्या घरात पन्नास माणसांच्या पंक्ती उठत होत्या. तिनं फोटोतला नवा चंदेरी पाहिला, मागच्या कोपऱ्यातला जुना पाहिलाच नाही, हे मला नंतर कळलं. आठव्या दिवशी सकाळी भंगारवाला आला. मागं खोचलेल्या त्या कुलपासकट मी जुना कॉम्प्युटर त्याच्या हातगाडीवर ठेवला. हातगाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बाल्कनीत उभा होतो, काम वेळेत झाल्याच्या समाधानात.

बायको आली, हातपाय धुतले, चहा घेतला आणि यादी छापायची म्हणून कॉम्प्युटरसमोर बसली. मी मागं उभा राहिलो, कौतुक ऐकायला. तिनं फाइल उघडली. ती खालपर्यंत सरकवत नेली. मग म्हणाली, "हे काय आहे?"

"तूच केलेलं आहे," मी म्हणालो. "काहीतरी चुकीचं बटण दाबलं असशील."

"जुना कुठाय?"

मी सांगितलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, मी परत ओरडलो असतो. तिनं फक्त विचारलं, "आणि फायली? जशाच्या तशा ठेवल्यात ना कुठं?" मी म्हणालो, "डुप्लिकेट ठेवत नाहीत." हे वाक्य मी तोंडातून काढलं, ते ऐकलं, आणि चपला शोधायला लागलो.

पुढचे तीन दिवस मी कुदळवाडीला जात होतो. शहरातलं सगळं भंगार तिथं जातं. तारांचे ढीग, फ्रिजची दारं, कापलेले पत्रे. तिथल्या एका माणसाला मी लाल टॅगचं वर्णन सांगितलं. तो म्हणाला, "काका, इथं आलेल्या वस्तूला तुमचा टॅग राहत नाही." सॉफ्टवेअर विकणारं चिंचवडातलं दुकान कधीच बंद झालं होतं, तिथं आता मोमो मिळतात. टायवाला म्हणाला, "सर, ते तर थर्ड पार्टीचं आहे." इंटरनेटवरच्या दोन जादुई सोयी वापरून पाहिल्या, त्यांनी एका काल्याचा दुसरा काला करून दिला. फिरायला येणाऱ्या साहेबांना विचारलं तर त्यांनी मंद हसून सांगितलं, "अहो, जुनं कशाला धरून बसता?" त्या दिवसापासून मी फिरायची वेळ बदलली.

चौथ्या दिवशी सकाळी मी पाणी प्यायला उठलो, तर बायको कॉम्प्युटरपुढं विचित्र बसली होती. चंदेरी कीबोर्ड बाजूला ढकललेला. दहाही बोटं नुसत्या टेबलावर. पडद्यावरच्या काल्यातलं एकेक इंग्रजी अक्षर ती बघायची आणि त्या अक्षराच्या जागी टेबलावर बोट आपटायची. डोळे अर्धे मिटलेले. आणि हळूच म्हणायची, "को. ल्हे. ख. ड. क."

मला कळायला वेळ लागला. जुन्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरासाठी तिनं जे बटण दाबलं होतं, त्या बटणावरचं इंग्रजी अक्षर नव्यावर दिसत होतं. ते मराठीत काय होतं हे तिलाही तोंडी सांगता येत नव्हतं. पण बोट त्या जागी पडलं की बोटाला ठाऊक होतं. लातूरच्या क्लासात, डोळ्यांवर रुमाल बांधून शिकवलेली ती बोटं.

"लिहून घ्या," ती मला म्हणाली. मान न वळवता.

मी वही घेतली. सव्वीस दिवस ती सकाळी दोन तास टेबलावर टकटक करत वाचत होती आणि मी लिहीत होतो. ती एकदा म्हणायची. माझं चुकलं, मागं पडलं, की ती थांबायची. रागानं नाही. मंद ऑपरेटरकडं पाहत मी थांबायचो तशी. मी खाडाखोड करायचो, ती बोटं टेबलावर ठेवून पडद्याकडे पाहत राहायची. टकटक हा शब्द मी त्यानंतर तोंडातून काढलेला नाही.

पण चौकोन चौकोनच राहिले. काही जोडाक्षरं ती आकड्यांची बटणं दाबून काढत असे, ती सगळी नव्या सिस्टिमनं एकसारखी गिळली होती. 'पट्टी'तला चौकोन कुणीही ओळखेल. 'खड्डा'सुद्धा. पण शेताचं नाव ओळखायचं तरी कसं? दोन चौकोन आणि पुढं 'मळा'. एक चौकोन, मग 'र', मग पुन्हा चौकोन. मी म्हणालो, अंदाजानं काहीतरी घालू, कुणाला कळणार आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खोडरबर खाली ठेवला. वहीत अशा एकवीस जागा मोकळ्या राहिल्या.

ती वही घेऊन आम्ही आबांकडे गेलो. दुपारची वेळ होती. आबा खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते, नातवांच्या दोन मोठ्या गाड्यांच्या मधे. बायकोनं वाचायला सुरुवात केली. त्यांचा चेहरा सैल झाला. मधेच ते म्हणायचे, "व्हय, तिथंच उंबर व्हता." मोकळी जागा आली की बायको शेताची खूण वाचायची आणि विचारायची, "आबा, याचं नाव राहिलंय. काय होतं?"

पहिली बारा त्यांनी सांगितली. काही पटकन, काही डोकं खाजवून. मग एकावर अडकले. ओढ्याच्या पलीकडं, विहिरीच्या वरच्या अंगाला, ज्वारी चांगली यायची. "माझा बाप तिथं राखणीला झोपायचा," ते म्हणाले. "नाव... तोंडावर हाय बघा." ते थांबले. ओठ हलत राहिले. नाव आलं नाही. पुढचंही आलं नाही. असं नऊ वेळा झालं. मग त्यांनी हात वर केला.

"बाई, मला येत व्हतं. समदी येत व्हती. तुमाला सांगून झाली, तुमी लिवून घेतली, म्हनून मग मी धरून न्हाई ठिवली."

बायकोनं वही मांडीवर ठेवली. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. आबांनी अधू डोळे आमच्या दिशेला फिरवले.

"पन लिवल्यालं गेलं कसं वो?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, नुसतं. हे मी सांगायचं होतं. कंपनीत हा प्रश्न मी शेकडो माणसांना विचारला होता, उभं करून, सगळ्यांसमोर. फॉर्मवर कारणाचा रकाना असतो आणि त्याशेजारी जबाबदार माणसाचं नाव. 'मशीनमुळे झालं' असं कुणी लिहिलं की मी तो फॉर्म फाडून परत द्यायचो. मशीन चुकत नाही, माणूस चुकतो, हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलं होतं की चाकणच्या बसमध्ये लोक माझी नक्कल करताना तेच म्हणायचे.

"सिस्टिम बदलली, आबा," मी म्हणालो. "नव्या कॉम्प्युटरला जुनं कळत नाही."

आबांनी मान हलवली. त्यांचा हात चाचपडत आला आणि माझ्या गुडघ्यावर थांबला.

"असूं द्या, राव. त्यात तुमचा काय दोस? हितं समदंच बदाललं, मशीनचं काय घिऊन बसला."

ज्यांची एकदा विकून गेलेली नऊ शेतं मी दुसऱ्यांदा घालवली होती, ते माझी समजूत काढत होते. आणि मी ती काढू दिली. बायकोनं माझ्यावरची नजर काढून घेतली, पान उलटलं आणि पुढचं नाव वाचलं.